बिऱ्हाडाची मुदत

एप्रिल संपत आला की पुण्याच्या उपनगरांतून सामानाचे टेम्पो फिरू लागतात. कपाट, फ्रिज, गाद्यांच्या वळकट्या आणि सगळ्यात वर दोरीनं उलटी बांधलेली लहान मुलाची सायकल. शाळांना सुट्टी लागायची वाट पाहून घर बदलणारी ही कुटुंबं. पहिलं मूल झालं तेव्हा वन-बीएचकेत भागत होतं. दुसरं झालं, गावाहून आजी-आजोबा राहायला आले आणि जागा पुरेनाशी झाली. आता मोठी जागा भाड्यानं घ्यायची, तर कुठली? सोसायटीतला फ्लॅट, की तेवढ्याच भाड्यात जरा लांब मिळणारं रो-हाऊस, एखाद्या बंगल्याचा तळमजला, चार कुंड्या मावतील एवढं अंगण? रात्री जेवणं आटोपली की घराघरांत कागद घेऊन बेरजा सुरू होतात. चौरस फूट, भाडं, मेन्टेनन्स, ऑफिसचं अंतर, शाळेच्या बसचा थांबा. या बेरजेत एक आकडा बहुतेक वेळा नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात आधी मांडायला हवा. या घरात आपल्याला किती वर्षं राहता येईल? घर की फ्लॅट, या प्रश्नाचं उत्तर या आकड्याशिवाय देताच येत नाही.

एकट्या माणसाला किंवा नव्या जोडप्याला मुदतीची फारशी फिकीर नसते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तसं त्यांचं दोन खेपांत हलतं. मुलं आली की बिऱ्हाडाला मुळं फुटतात. पाळणाघराच्या ताई, लस देणारे डॉक्टर, शाळेच्या रिक्षाचे काका, संध्याकाळी खाली खेळायला येणारी चार पोरं, आजोबांचा सकाळचा फिरण्याचा रस्ता, हे सगळं जुळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आपल्याकडे भाडेकरार होतो तो मात्र ११ महिन्यांचा. हा ११ महिन्यांचा फेरा शाळेच्या वर्षाशी कसा वागतो ते एकदा कॅलेंडरवर मांडून पाहावं. १ जूनला सुरू झालेला करार ३० एप्रिलला संपतो. नूतनीकरण झालं तर पुढचा ३१ मार्चला, त्याच्या पुढचा फेब्रुवारीअखेर, मग जानेवारीअखेर. दरवर्षी मुदत एक महिना अलीकडे सरकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती बरोबर परीक्षांच्या तोंडावर येऊन उभी राहते. घरात दहावीचं मूल असेल आणि मालक फेब्रुवारीत ‘या वेळी जागा आम्हालाच लागतेय’ म्हणाला, तर तीन खोल्या आहेत की चार याला काहीच अर्थ उरत नाही.

हे ११ महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून देशभर ११ महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात मात्र त्या चालीमागचं कारणच उरलेलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ नं प्रत्येक भाडेकरार, लिव्ह अँड लायसन्ससुद्धा, लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक केलं. मुदत ११ महिन्यांची असो वा ५ वर्षांची, नोंदणी चुकत नाही. ती करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. म्हणजे जी नोंदणी टाळण्यासाठी ११ हा आकडा जन्माला आला, ती करूनही आपण ११ च लिहितो. मुद्रांक शुल्काचा हिशेबही ११ महिन्यांच्या बाजूनं नाही. राज्यात ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाड्याच्या, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर धरलेल्या वार्षिक १० टक्के व्याजाच्या, ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. शहरी हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. भाडं ३०,००० आणि डिपॉझिट १ लाख धरलं, तर ११ महिन्यांच्या एका कराराला सुमारे ८५० रुपये मुद्रांक आणि १,००० नोंदणी. असे पाच करार केले की ५५ महिन्यांसाठी ९,२५० रुपये गेले. तोच करार एकदाच ६० महिन्यांचा केला तर ४,६२५ अधिक १,०००, म्हणजे ५,६२५ रुपये. यात एजंटाचं दर वेळचं कागदपत्रांचं शुल्क धरलेलं नाही. घर सोडावं लागलं तर नव्या घराची दलाली, बहुतेक ठिकाणी एका महिन्याचं भाडं, आणि टेम्पो-हमालीचा खर्च वेगळाच.

मग मालक लांब मुदत का देत नाहीत? त्यांची भीती खोटी नाही, तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. गिरगाव-दादरच्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या त्याच भाड्यानं माणसं राहिली आणि मालकांनी डागडुजीकडे पाठ फिरवली. त्या कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी भाडेकरू ठेवण्याऐवजी लिव्ह अँड लायसन्सची वाट धरली, तर १९७३ च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. एका रात्रीत पाहुण्याचं कूळ झालं. महाराष्ट्रातल्या मालकांच्या मनात ती तारीख अजून आहे. ज्यांना ती माहीत नाही, त्यांच्याही मनात वडिलांकडून आलेली धास्ती आहे. अशा कायद्यांचा परिणाम देशभर दिसतो. शहरांतल्या भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं, असं केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात नमूद आहे. त्याच अहवालानुसार एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. घर कुलूपबंद ठेवणं परवडतं पण कुणाला राहायला देणं नको, असं इतक्या माणसांना वाटत असेल, तर तो एकेका मालकाच्या स्वभावाचा प्रश्न नव्हे. तरीही आजच्या मालकाला हे शांतपणे सांगता येतं की कायदा आता त्याच्या बाजूला आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की मुदत संपल्यावर लायसन्सधारकानं जागा सोडली पाहिजे, नाही सोडली तर दुप्पट शुल्क भरावं लागेल, आणि ताबा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळी, झटपट प्रक्रिया आहे. नोंदणीकृत कागद ३६ महिन्यांचा असला म्हणून मालकाचा हा हक्क जराही कमी होत नाही. दरवर्षी भाड्यात ठरावीक टक्के वाढ आधीच लिहून ठेवली की बाजारभाव मागे पडण्याची त्याची तक्रारही मिटते.

इथं एक खरी अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. लिव्ह अँड लायसन्सचा कागद भाडेकरूला फार थोडं देतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या व्याख्येनुसार लायसन्स म्हणजे नुसती वापराची परवानगी. त्यानं जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. मालकानं घर विकलं तर नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो, हेही त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. करारात ‘पहिली दोन वर्षं मालक जागा मागणार नाही’ असं लॉक-इन लिहिलं तर त्याला वजन असतं आणि मोडल्यास भरपाई मागता येते. पण मुलांची शाळा सांभाळून भरपाईसाठी भांडायला किती कुटुंबं जातील? म्हणून कागद हवाच, पण पुरेसा नाही. मग खात्री आणखी कुठून मिळते? ती संख्येतून मिळते, आणि घर की फ्लॅट याचा खरा निकाल इथं लागतो.

मगरपट्टा, अमनोरा किंवा नांदेड सिटीसारख्या वसाहतीत, वाकड-बाणेरच्या पाचसहा इमारतींच्या संकुलात, कोणत्याही महिन्यात काही फ्लॅट भाड्यानं द्यायचे असतात. आपल्या मालकानं जागा मागितली तर बी विंगमधून ई विंगमध्ये जाता येतं. सुरक्षारक्षकाच्या ओळखीचे दोन हमाल, लिफ्टच्या दहा-बारा खेपा, एक रविवार, एवढ्यात काम होतं. शाळेची बस त्याच फाटकाशी येते, मुलाचे मित्र तेच राहतात, कामाला येणाऱ्या मावशी तोच जिना चढतात, पाळणाघर बदलत नाही. मालक बदलला तरी मुलाच्या दृष्टीनं घर बदललेलं नसतं, नुसत्या खोल्या बदललेल्या असतात. पन्नास मालक असलेल्या जागेत एका मालकाच्या मर्जीला पन्नासावा भाग एवढीच किंमत उरते. रो-हाऊसचं किंवा बंगल्याच्या तळमजल्याचं असं नाही. सहकारनगर, प्रभात रस्ता, मॉडेल कॉलनी इथल्या बंगल्यांत, नाशिकच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये, मालक एकच असतो आणि शेजारी तसलीच दुसरी रिकामी जागा असेलच असं नाही. पुण्यातले जुने बंगले तर एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. भावंडांची वाटणी झाली, बिल्डरशी बोलणं झालं, की तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला तीन महिन्यांची नोटीस येते. तेव्हा लांब मुदतीचा, लॉक-इन लिहिलेला कागद मिळत असेल आणि मालकाचा जागेबाबतचा इरादा समोरासमोर विचारून स्पष्ट झाला असेल, तर घर घ्यावं. तो मिळत नसेल तर मोठ्या संकुलातला फ्लॅट घ्यावा, मग भले एक खोली कमी मिळो. संकुल लहान असेल, आठ-दहा फ्लॅटची एक इमारत, तर तिला या हिशेबात बंगल्यासारखंच धरावं.

यावर पहिला आक्षेप मनापासून घेतला जातो, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. फ्लॅटमध्ये मुलं कोंडली जातात, त्यांना माती लागत नाही, त्यापेक्षा दोन वर्षं का होईना पण अंगणात वाढू देत. पण घराचा मोठेपणा अंगणाच्या मापात नसतो, हाकेच्या अंतरात असतो. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज रचलं, तेव्हा सात-सात घरं एका लहान चौकाभोवती बसवली. स्वयंपाकघरातल्या माणसाला चौकातलं पोर दिसावं, हाक मारली की ऐकू जावं, इतकंच त्याचं माप. चाळीच्या गॅलरीत हेच होतं, वाड्याच्या चौकात हेच होतं. रो-हाऊसच्या दारातल्या रस्त्यावर गाड्या भरधाव जात असतील, किंवा बंगल्याच्या भिंतीपलीकडे एकही लहान मूल नसेल, तर त्या अंगणात तीन वर्षांचं मूल एकटंच मातीत बसणार. उलट दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीतून खालची घसरगुंडी दिसत असेल तर ती जागा मुलाला घरच आहे. बाराव्या मजल्यावरून हाक ऐकू जात नाही. तिथं मूल खाली जाणार ते कुणी मोठं माणूस सोबत असेल तेव्हाच, आणि दोघं नोकरी करणाऱ्या घरात ते आठवड्यातून दोनदा जाणार. तेव्हा अंगण हवं असणाऱ्यांनी फ्लॅट नाकारण्याआधी मजला विचारावा. खालचे मजले अंधारे आणि डासांचे म्हणून भाडेकरू नाक मुरडतात, पण आजी-आजोबा आणि लहान मूल असलेल्या घराला पहिला-दुसरा मजला हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. लिफ्ट बंद पडली तरी औषधं आणता येतात.

स्वतंत्र घर पाहायला गेल्यावर जे बघायचं राहून जातं, ते बहुधा जमिनीखाली असतं. कुंपणाच्या आत, जिन्यालगत, पाण्याची टाकी असते. तिच्यावरचं पत्र्याचं झाकण हातानं उचलून पाहावं. कडी गंजलेली असेल आणि झाकण एका बोटानं सरकत असेल, तर चालायला लागलेल्या मुलाच्या घरात त्याहून धोक्याची जागा नाही. दुरुस्ती पाचशे रुपयांची असते, पण ती करारावर सही होण्याआधी मालकाकडून करून घ्यावी. मग छतावरची टाकी. शहरी पाणीपुरवठ्याचा मानक दर माणशी रोज १३५ लिटर आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर. रो-हाऊसवर बहुधा हजार लिटरची एकच काळी टाकी असते, ती दीड दिवस पुरते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवण्याची पद्धत आहे आणि शुक्रवारी सकाळी ते कमी दाबानं येतं. शुक्रवारी दुपारी बाळाचे लंगोट धुवायला पाणी उरेल का, हे त्या एका टाकीवर ठरतं. जिथं महापालिकेची लाइन पोचलेली नाही तिथं प्रश्न आणखी गंभीर. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गीयाँ-बारे आजाराचे रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची तपासणी करावी लागली, हे पुणेकर विसरलेले नाहीत. पाणी कुठून येतं, विहीर की बोअर की टँकर, आणि टाकी शेवटची कधी धुतली, हे सोसायटीत मॅनेजरला विचारता येतं. एकट्या घरात हे विचारायचं कुणाला ते करारात लिहून घ्यावं लागतं. मोटर जळली, ड्रेनेज तुंबलं, गळती लागली तर खर्च कुणाचा आणि किती दिवसांत, हे तीन ओळींत लिहिलेलं असेल तर पुढचे निम्मे वाद होत नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. संख्येतून खात्री मिळते हे ज्यांना प्रत्येक दार उघडं आहे त्यांच्यापुरतं खरं आहे. आडनाव ऐकून, धर्म कळून, मांसाहार विचारून फोन ठेवला जातो, हा आपल्या शहरांतला उघडा व्यवहार आहे. मुस्लिम आणि दलित कुटुंबांना शंभर फ्लॅटच्या संकुलात शंभर पर्याय नसतात, कधीकधी एकही नसतो. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला आणि त्यामुळे कायद्यातूनही हे दार सहज उघडत नाही. अशा कुटुंबाला एखादा सज्जन मालक भेटला आणि त्यानं स्वतंत्र घर पाच वर्षांसाठी दिलं, तर माझा सगळा हिशेब उलटतो. तिथं एक मालक पन्नासांवर भारी पडतो. मुदतीचा प्रश्न मात्र उलटत नाही, उलट तिथं तो अधिकच तीव्र होतो, कारण पुन्हा दार शोधायला निघणं त्यांना सगळ्यात महाग पडतं. सोसायट्यांनी भाडेकरूला दुय्यम मानण्याचंही काही कारण नाही. आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला पूर्वपरवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही राज्य सरकारच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. तरी लहान मुलांच्या खेळण्याच्या वेळांवरून भाडेकरूंनाच आधी बोलणी बसतात. जागा पाहायला जाताना संध्याकाळी सहा वाजता जावं आणि खाली मुलं खेळतायत का, त्यांना कुणी दटावतंय का, हे दहा मिनिटं उभं राहून पाहावं.

‘एवढी खटपट करण्यापेक्षा घर विकतच घ्यावं’ हे सांगणारे बरेच भेटतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर घ्यावं. पण शहरांत अनेक ठिकाणी वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि कर्जाचं व्याज त्याच्या दुपटीहून अधिक. दोन मुलांच्या शाळेच्या फीचा काळ आणि मोठ्या हप्त्याचा काळ एकच आला की घरात आजारपणाला पैसा उरत नाही. भाड्यानं राहणं हा या कुटुंबांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, तो ‘सध्यापुरता’ म्हणून हिणवू नये.

तेव्हा शोध जानेवारीतच सुरू करावा, कारण मेमध्ये चांगल्या जागा उरत नाहीत आणि घाईत मुदतीबद्दल बोलायचं राहून जातं. शाळेच्या प्रवेशाला राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार लागणार असेल तर तो अर्जाच्या आधीच्या तारखेचा हवा, हेही मनात धरावं. घर पसंत पडलं की भाडं कमी करा म्हणण्याआधी मुदत वाढवा म्हणावं. भाड्यात महिना पाचशे कमी करून घेतले तर वर्षाला सहा हजार वाचतात, आणि एकदा घर बदललं की त्याहून कितीतरी अधिक जातात. मालकाला सांगावं की दरवर्षीची वाढ आम्ही आजच लिहून देतो, दोन वर्षं तुम्ही जागा मागू नका, आम्हाला सोडायची झाली तर दोन महिने आधी कळवू. काही मालक नाही म्हणतील. काही विचार करतील, कारण दर वर्षी नवा भाडेकरू शोधणं, भिंती रंगवणं आणि महिना-दीड महिना जागा रिकामी ठेवणं त्यांनाही नको असतं. एजंट संगणकावर मसुदा उघडेल, कालावधीच्या रकान्यात सवयीनं ११ टाकेल. तिथं त्याला थांबवून ३६ लिहायला सांगावं, आणि सुरुवातीची तारीख १ जून ठेवावी, म्हणजे करार संपेल तो ३१ मे रोजी, मुलांना सुट्टी असताना.